मुंबई कशी वाढली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीच्या दिवशी मी लोकांना घेऊन लालबागपासून फोर्टपर्यंत पायी जातो. वाटेत तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि माझी निम्मी उत्तरं गाड्यांच्या हॉर्नमध्ये विरून जातात, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत. मुंबईकडे बघताना मी एक गोष्ट सतत मोजत असतो: माणूस राहतो कुठे, कामाला जातो कुठे, आणि या दोहोंमध्ये अंतर किती. शहराच्या वाढीचा बराचसा इतिहास मला या अंतरात सापडला आहे.

मुंबई खरंच सात बेटांची होती का?

हो. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. पण शाळेच्या नकाशात दाखवतात तशी ती निळ्याशार पाण्यातली सुटी सुटी बेटं नव्हती. मधली जमीन सखल होती. भरतीला ती पाण्याखाली जायची, ओहोटीला नुसता चिखल उरायचा. हा चिखल तुडवत आलेली माणसं जिथे पाय धूत, ती पायधुणी. उमरखाडीच्या नावात खाडी आहे, डोंगरीच्या नावात डोंगर आहे. ती खाडीही आज दिसत नाही आणि तो डोंगरही, कारण डोंगर फोडून खाड्या बुजवल्या गेल्या.

समुद्र सगळ्यात जोरात आत घुसायचा तो महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घातला गेला आणि आतली भायखळा-ताडदेवकडची पाणथळ जमीन हळूहळू वर आली. पुढे कुलाब्याचा कॉजवे, म्हणजे पाण्यातून बांध घालून केलेला रस्ता, १८३८ मध्ये झाला आणि माहीमचा १८४५ मध्ये. माहीमच्या कॉजवेसाठी जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी पैसे दिले होते. ‘सात बेटं जोडली’ हे आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो, पण ते काम दीडेकशे वर्षं, तुकड्यातुकड्याने चाललं. मातीची पाटी डोक्यावर वाहणाऱ्या कामाठी मजुरांची वस्ती कामाठीपुरा म्हणून ओळखली गेली. भराव म्हणून काही ठिकाणी चक्क शहराचा कचरा टाकला गेला. पावसाळ्यात पाणी कुठे साचतं हे बघितलं तर जुनी खाडी कुठे होती ते आजही कळतं, पण त्याबद्दल पुढे.

इतक्या गैरसोयीच्या जागी एवढं मोठं शहर का झालं?

बंदरामुळे. पूर्वेकडचा किनारा खोल आहे आणि जमिनीच्या आडोशाने वादळापासून सुरक्षित आहे. १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगिजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली आणि १६८७ मध्ये कंपनीने आपलं मुख्य ठाणं सुरतेहून इथे हलवलं.

तरीही पुढे दीडेकशे वर्षं मुंबईच्या वाढीला मर्यादा राहिली, कारण पाठीमागे सह्याद्रीची भिंत होती आणि देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरायचा. ही अडचण रेल्वेने सोडवली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली हे सगळ्यांना पाठ असतं, पण शहराचं नशीब बदललं ते १८६० च्या दशकात, भोर आणि थळ घाटांतून रूळ वर चढले तेव्हा. नेमकं त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेत होते. युद्ध संपलं तसा बाजार कोसळला आणि घराणीच्या घराणी बुडाली.

बांधकामं मात्र राहिली. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी त्याच सुमारास किल्ल्याची तटबंदी पाडली. मोकळ्या झालेल्या जागेत ओव्हल मैदानासमोर विद्यापीठ, उच्च न्यायालय, सचिवालय अशा दगडी इमारतींची रांग उभी राहिली. या रांगेच्या समोर, मैदानाच्या पलीकडे, १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको, म्हणजे गोलसर कोपऱ्यांच्या, सरळ रेघांच्या शैलीतल्या इमारती आहेत. एकाच मैदानाच्या दोन बाजूंना दोन शतकं उभी आहेत. हा सगळा परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. तिथे उभं राहून दोन्हीकडे बघायला मला अजून कंटाळा आलेला नाही.

गिरणगाव म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

साधारण भायखळ्यापासून दादरपर्यंत: चिंचपोकळी, लालबाग, परळ, करी रोड, लोअर परळ, शिवडी, नायगाव, वरळी. नकाशावर याची हद्द आखलेली नाही. गिरणीचा भोंगा जिथपर्यंत ऐकू यायचा तिथपर्यंत गिरणगाव, असं जुनी माणसं म्हणायची आणि मला ती व्याख्या पुरेशी वाटते.

पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. १८५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत या भागात धुराड्यांचं रान झालं. कामाला माणसं आली ती कोकणातून आणि देशावरून: रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून. गडी एकटे यायचे. बायकामुलं, म्हातारी आई, भाताचं खाचर मागे गावी. एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहायचे आणि ते जमायचं, कारण गिरणी तीन पाळ्यांत चालायची. पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे. शेजारच्या खोलीतली एखादी बाई दहा-पंधरा जणांचा डबा करायची आणि महिन्याला पैसे घ्यायची. गिरणगाव उभं करण्यात या बायकांचा वाटा मोठा आहे आणि त्याची नोंद फार थोडी झाली आहे.

माझ्या दृष्टीने इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे घर आणि काम यांत चालत दहा मिनिटांचं अंतर होतं. भोंगा झाल्यावर निघालं तरी दाराशी वेळेत पोहोचता यायचं. भजनी मंडळ, व्यायामशाळा, गणेशोत्सव, युनियनच्या सभा, रात्रभर चालणारी लोकनाट्यं हे सगळं त्या वाचलेल्या वेळातून उगवलं. रोज चार तास प्रवासात घालवणाऱ्या माणसाकडून ते झालं नसतं.

चाळ हा प्रकार कसा सुरू झाला?

कमीत कमी जागेत जास्तीत जास्त भाडेकरू बसवायला. रांगेने दहा बाय बाराच्या खोल्या, पुढे लांबलचक गॅलरी, कोपऱ्यात मोरी, मजल्याच्या टोकाला सार्वजनिक संडास. यातल्या बहुतेक खाजगी मालकांनी बांधल्या, काही गिरण्यांनी. सरकारने बांधलेल्या चाळींत सगळ्यात मोठ्या म्हणजे बीडीडी चाळी. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं आणि त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी बांधल्या. सिमेंट काँक्रीटच्या, तीन मजली, मधे भलंमोठं मैदान.

चाळीबद्दल हळवं होऊन बोलणाऱ्यांना मी थांबवतो. गॅलरीत शेजार होता, अडीनडीला माणूस होता, हे खरं. पण सकाळी बादली घेऊन संडासच्या रांगेत उभं राहणाऱ्या बाईला विचारा. आठ जणांच्या खोलीत दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला विचारा. मी स्वतः अशाच खोलीत वाढलो. शेजार मला आजही हवा आहे. ती रांग मात्र कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

प्लेगचा शहराच्या रचनेशी काय संबंध?

फार मोठा. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग निघाला आणि काही महिन्यांत निम्मं शहर गावाकडे पळालं. कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांमुळे रोग पसरतो असं सरकारने धरलं आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. समुद्राची हवा आत यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट निघाला, आणि आजचा मोहम्मद अली रोडही याच ट्रस्टचं काम. उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत नवी आखणी झाली. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी, पाच बागा ही त्याचीच फळं. आजही दादर-माटुंग्याच्या झाडांखालून चालताना बरं वाटतं, कारण तिथे रस्ता आधी आखला गेला आणि घरं नंतर आली. मुंबईत हे फार क्वचित घडलं आहे.

यात एक दुखरी बाजू आहे. ट्रस्टने गरिबांच्या जेवढ्या खोल्या पाडल्या, तेवढ्या त्यांच्यासाठी बांधल्या नाहीत. नव्या वसाहती मध्यमवर्गाच्या झाल्या आणि उठवलेली माणसं शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत शिरली. वस्ती हटवायची, जागा सुधारायची आणि मूळच्या माणसाला तिथे परतणं परवडणार नाही अशी वेळ आणायची, ही पद्धत मुंबईत तेव्हापासूनची आहे.

मुंबई उत्तरेकडेच का वाढत गेली?

दुसरीकडे जायला जागाच नव्हती. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला बंदर आणि खाडी, दक्षिणेला कुलाब्याचा दांडा. शहराचा आकार हाताच्या लांब बोटासारखा आहे. या बोटाच्या दोन्ही अंगांनी रेल्वे गेली आणि वस्ती स्टेशनाला धरून पसरली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची गाडी धावली आणि त्यानंतर उपनगरांत राहून शहरात कामाला येणं साध्या पगारदार माणसाला शक्य झालं. माहीम-शीवला थांबणारी महापालिकेची हद्द १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये वाढली, ती पश्चिमेला दहिसर आणि पूर्वेला मुलुंडपर्यंत गेली.

१९५१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती. १९७१ मध्ये ती ६० लाखांच्या घरात गेली, १९९१ मध्ये ९९ लाख, २०११ मध्ये १ कोटी २४ लाख. मात्र यात एक गोष्ट लपलेली आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव या जुन्या मुंबईची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांखाली आली. माणसं अजूनही मुंबईत येताहेत, पण जुन्या मुंबईतून बाहेर पडून उपनगरांत आणि त्याही पलीकडे वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, बदलापूर, पनवेलला जाऊन राहताहेत. कचेऱ्या मात्र बराच काळ दक्षिणेलाच राहिल्या.

या अंतराची किंमत लोकलच्या दारात दिसते. तीन जणांच्या बाकावर चौथ्याने अर्धं बूड टेकवायचं याला इथे ‘चौथी सीट’ म्हणतात आणि ती मिळाली तरी माणूस खुश असतो. रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना मेलेली माणसं. या आकड्याची शहराला सवय झाली आहे आणि मला ती सवय करून घ्यायची नाही.

राज्याची राजधानी म्हणून सगळी कार्यालयं एका टोकाला का?

ब्रिटिशांचा किल्ला आणि बंदर तिथे होतं, म्हणून सचिवालय तिथे होतं, आणि तेच पुढे चालू राहिलं. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं आणि मुंबई त्याची राजधानी. हिवाळी अधिवेशन नागपूरला होतं, ती उपराजधानी. बाकी सगळा कारभार नरिमन पॉइंटच्या आसपास, म्हणजे समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर. आजचं विधान भवन १९८१ मध्ये तिथेच झालं.

मुंबई महाराष्ट्राला सहज मिळालेली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला. मोर्चात गिरण्यांतले कामगार मोठ्या संख्येने होते. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे. राजधानीचा मान ज्यांनी मिळवून दिला, त्यांच्या नातवंडांपैकी कितींना आज या राजधानीत घर परवडतं, हे मला दर वेळी तिथे उभं राहिल्यावर आठवतं.

नवी मुंबईमुळे भार हलका झाला का?

काही प्रमाणात झाला, पण ठरवलं होतं तसा नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यावर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी एक साधी कल्पना मांडली. शहर उत्तर-दक्षिण ताणत नेण्याऐवजी खाडी ओलांडून पूर्वेला नवं शहर उभारा, आणि तिथे राहणाऱ्यांना तिथेच काम मिळावं म्हणून सरकारी कचेऱ्या तिकडे न्या. हे शहर उभारायला मार्च १९७० मध्ये सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली. पण त्याच दशकात सरकारने नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून उंच कचेऱ्यांना परवानगी दिली. मंत्रालय हललं नाही, मग बँका आणि कंपन्या तरी कशाला हलतील? वाशीपर्यंत लोकल जायला १९९२ उजाडलं.

घाऊक बाजार मात्र हलला. कांदा-बटाटा, मसाले, धान्य, फळं-भाजी तुर्भे-वाशीला गेली आणि मशीद बंदरच्या गल्ल्यांना थोडा श्वास मिळाला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि मालवाहतूक तिकडे वळली. आता तिथे विमानतळही झाला आहे.

ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे शहर उभं राहिलं, त्या आगरी-कोळी गावांनी मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याला गोळीबार झाला आणि पाच जण गेले. त्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं.

पागडी म्हणजे काय? जुन्या इमारती पडायला आल्या तरी दुरुस्त का होत नाहीत?

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला बाहेर काढता येईना, मालकाला भाडं वाढवता येईना. मग नवा भाडेकरू घेताना एकरकमी पैसे घ्यायची रीत पडली, ती पागडी. मालक म्हणतो, शंभर-दोनशे रुपये भाड्यात मी इमारत कशी राखू? भाडेकरू म्हणतो, मी एवढे पैसे मोजलेत, मी का खर्च करू? दोघांचंही खरं आहे आणि मधे तुळई सडते. १९६९ पासून या इमारतींकडून उपकर घेऊन सरकारी मंडळ दुरुस्ती करतं. सुरुवातीला अशा साडेएकोणीस हजारांवर इमारती होत्या. दर पावसाळ्यात त्यांतली एखादी कोसळल्याची बातमी येतेच.

इतकी माणसं झोपडपट्टीत का राहतात?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत होती. कारण साधं आहे: काम मिळालं आणि त्या पगारात बसणारं घर कोणी बांधलं नाही. गोठलेल्या भाड्यामुळे नव्या चाळी बांधायचं कोणालाच परवडेना आणि सरकारी घरं मागणीच्या मानाने मूठभर. मग माणसाने कामापासून जवळची, कोणाला नको असलेली जागा शोधली: नाल्याकाठ, टेकडीचा उतार, रुळांची कड, खाडीचा चिखल.

धारावी हे त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. तिथे कुंभारवाडा आहे, चामड्याचे कारखाने आहेत, शिवणकाम आहे, शहराने टाकलेलं प्लास्टिक निवडून पुन्हा वापरात आणणारी साखळी आहे. तळमजल्यावर काम आणि माळ्यावर घर. अंतर शून्य. पुनर्वसनाच्या आराखड्यात घराचा विचार होतो, भट्टीचा आणि वर्कशॉपचा होत नाही, ही तिथल्या लोकांची खरी धास्ती आहे.

१९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत विकासक पात्र कुटुंबाला मोफत घर देतो आणि बदल्यात बाजारात विकायला जास्तीचं बांधकाम मिळवतो. सरकारचा खर्च वाचतो. पण जिथे जमीन महाग तिथेच योजना धावते आणि पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून उभ्या राहतात की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. आणि दूर पाठवलं तर काय होतं, ते माहुलने दाखवलं. तानसा जलवाहिनीलगतची हजारो कुटुंबं तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या इमारतींत नेली गेली. तिथल्या हवेने माणसं आजारी पडली आणि बाहेर पडण्यासाठी त्यांना न्यायालयात लढावं लागलं.

गिरण्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं?

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्ण सुरू झाल्या नाहीत, कामगार गावाला गेले, काहींनी भाजीची गाडी लावली, काही रखवालदार झाले.

उरली जमीन. शहराच्या मध्यावर सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत ठरलं की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सर्वसामान्यांच्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. सरकारने नेमलेल्या चार्ल्स कोरिया समितीने या सगळ्या जमिनींचा एकत्र आराखडाही १९९६ मध्ये मांडला होता. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची, ज्यावर बांधकाम उभं आहे ती धरायची नाही. गिरणी म्हणजे बहुतेक शेडच. त्यामुळे शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला तुकडे आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये बदललेला नियम कायम झाला.

मला या शहराच्या शंभर वर्षांतली सगळ्यात मोठी चूक कोणी विचारली तर मी ही सांगतो. एवढी जमीन, दोन्ही रेल्वेमार्गांच्या मधोमध, एकदाच मोकळी झाली होती. बागा, शाळा, स्वस्त घरं, रुंद रस्ते, सगळं मावलं असतं. झालं काय, तर मॉल, काचेच्या कचेऱ्या आणि टॉवर, आणि त्यांच्या दारात तेच जुने गिरणीकाळातले अरुंद रस्ते. घरांसाठी दीड लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. घरं मिळाली काही हजारांना.

कोळीवाडे अजून आहेत का?

आहेत. वरळी, माहीम, शीव, कुलाबा, खारदांडा, वेसावे, मढ, तुर्भे (ट्रॉम्बे). शहर यायच्या आधीपासून ही गावं इथे आहेत. जाळी वाळवायची मोकळी जागा कागदावर कोणाच्या नावावर नसते, त्यामुळे ती सगळ्यात आधी जाते. कोळीवाड्यांच्या सीमा आखून त्या विकास आराखड्यात घ्याव्यात ही मागणी याच्यासाठीच आहे.

एवढ्या लोकांना पाणी कुठून मिळतं?

सात जलाशयांतून: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीतले, बाकीचे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. रोज सुमारे ३,८०० ते ३,९०० दशलक्ष लिटर पाणी येतं, त्यातलं जवळपास निम्मं भातसाचं. मोडकसागर हे नाव महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक यांच्यावरून आलं. शंभर किलोमीटरवरून पाणी बरंचसं उताराने, स्वतःच्या वजनाने येतं आणि ही करामत आपण नळ उघडताना विसरतो.

आणखी एक गोष्ट विसरतो. ज्या शहापूर तालुक्यात यांतली बरीच धरणं आहेत, तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतात. बायका हंडे घेऊन उभ्या असतात आणि त्यांच्या नजरेसमोरून मोठमोठ्या जलवाहिन्या मुंबईकडे जातात.

दर पावसाळ्यात पाणी का तुंबतं?

हिंदमाता, परळ, शीव, मिलन सबवे ही नावं दर जुलैत बातम्यांत असतात. यांतली बरीच जागा मुळात खाडीची किंवा पाणथळ आहे आणि समुद्राच्या भरतीपेक्षा फार वर नाही. ब्रिटिशांच्या काळातली पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती, ती ५० वर न्यायचं ठरलं. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्यांची तोंडं बंद होतात आणि पाणी जाणार कुठे?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की मिठी ही नदी आहे, नाला नाही. ती विहार-पवईकडून निघून माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या पात्रावर धावपट्टी गेली, काठावर वस्ती आणि कारखाने आले, मुखाजवळची दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल झालं. नदीला पसरायला जागा उरली नाही, ती घरांत शिरली. तिवरं आणि मिठागरं ही रिकामी पडलेली जमीन आहे असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच वाद घालतो. भरतीचं पाणी थोपवायचं आणि पावसाचं पाणी सामावून घ्यायचं काम ती करतात.

मेट्रो, किनारी रस्ता आणि अटल सेतूने फरक पडला का?

मेट्रोने पडला. २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मार्ग सुरू झाला आणि पूर्व-पश्चिम प्रवास पहिल्यांदा सुसह्य झाला. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. तिने काळबादेवी, गिरगाव, वरळी अशा रेल्वेपासून थोड्या दूर असलेल्या जागा जोडल्या.

किनारी रस्ता आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला, जवळपास २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू ही अभियांत्रिकीची मोठी कामं आहेत. पण दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे. शहरातली बहुसंख्य माणसं लोकलने, बेस्टने आणि पायी जातात. त्याच वर्षांत बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या कमी होत गेल्या. मला विचाराल तर एका पुलाच्या आधी मी हजार बस मागितल्या असत्या.

पुनर्विकासात चाळकऱ्यांना मोठं घर मिळतं, मग तक्रार कसली?

मोठं घर मिळतं, ते मिळालंच पाहिजे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराची चावी मिळाली. घरात संडास, स्वयंपाकाला वेगळी जागा. आजी नळाखाली हात धरून उभी राहिली असेल तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

काळजी वेगळी आहे. लिफ्ट, पंप, पार्किंग यांचा मासिक खर्च पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला झेपेल का? जिथे योजना अर्धवट राहते तिथे संक्रमण शिबिरात, म्हणजे नवं घर होईपर्यंतच्या तात्पुरत्या खोल्यांत, एक पिढी म्हातारी होते. चाळ मोकळी करताना विकासकाने भाडं कबूल केलेलं असतं, दोन वर्षांनी ते बंद होतं, आणि माणूस बदलापूरला भाड्याच्या घरात अडकतो. आमच्याच एका नातेवाइकांचं असं झालं. ते आता पहाटे ५ ची गाडी पकडून परळला कामाला येतात, जिथे त्यांच्या वडिलांना दहा मिनिटं लागायची.

हे सगळं स्वतः बघायचं तर कुठून सुरुवात करू?

करी रोड स्टेशनला उतरा आणि लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून निघा. चिंचपोकळीच्या पुलावर थांबून डावी-उजवीकडे उरलेली धुराडी शोधा, आता फार थोडी दिसतात. पुढे भायखळ्याला राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय. संग्रहालयात जुन्या मुंबईचे मातीचे नमुने आहेत, त्यांना परत कधी येऊन अर्धा तास द्या. मग जे. जे. रुग्णालयावरून मोहम्मद अली रोड, पायधुणी, क्रॉफर्ड मार्केट, सीएसएमटी आणि हुतात्मा चौक. सगळं मिळून सात-आठ किलोमीटर. सकाळी सातला निघालात तर ऊन चढायच्या आत पोहोचाल. गिरणगावातून मोर्चे फोर्टकडे यायचे ते याच बाजूने. पाणी बरोबर ठेवा आणि पायात रुळलेली चप्पल घाला, नवे बूट पायधुणीच्या आधीच चावायला लागतात.